शेजारच्या घरातील पवित्र तैल

कुकटपल्ली हे एके काळी हैदराबादच्या वेशीबाहेरचे खेडे होते. बालानगरच्या बाजूस आय.डी.पी.एल. हा सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ गृहनिर्माण मंडळाची विस्तीर्ण वसाहत वसली आणि २०१७ च्या अखेरीस मियापूरहून मेट्रो धावू लागल्यावर तर हा भाग शहराचे दुसरे हृदयच बनून गेला. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा येथील जुन्या वस्त्यांतून निघून मराठी कुटुंबे इकडे राहावयास आली. तेथे शेजारीपाजारी बहुतेक आपलेच होते. येथे एकाच जिन्यावर तेलुगू, मल्याळी, तमिळ, कानडी अशी बिऱ्हाडे नांदतात, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही पुष्कळ असतात. त्यांच्या नाताळातील केक आपल्या घरी येतो, आपला दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो. परंतु बारशासारख्या समारंभाचे निमंत्रण आले, अथवा शेजारचे आजोबा अत्यवस्थ झाले व झगा घातलेले फादर हातात लहानशी डबी घेऊन जिना चढताना दिसले, की आपण संकोचून दार ओढून घेतो. त्या डबीत तेल असते. ते कोणते, कोठून येते, त्याने काय होते आणि काय होत नाही, याची थोडी माहिती आपणांस असणे शेजारधर्माच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे. हिब्रू भाषेतील 'मशीहा' या शब्दाचे ते ग्रीक भाषांतर असून दोहोंचा अर्थ एकच : ज्याला तेल लावण्यात आले आहे तो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे प्रथम छापले गेले. मराठीतील या थोर ग्रंथाच्या नावातच अशा रीतीने हे तेल मुरलेले आहे. मराठी बायबलात या क्रियेसाठी 'अभिषेक' हा शब्द रूढ झाला. शब्द भारदस्त खरा, पण त्याने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती पिंडीवरील संततधार. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना जो अभिषेक झाला त्यातही प्राधान्य नानाविध तीर्थोदकांचे. इस्राएली राजाच्या मस्तकी मात्र पाणी नव्हे, तेल ओतीत. शमुवेल संदेष्ट्याने शौलाच्या डोक्यावर कुपीतून व दाविदाच्या डोक्यावर शिंगातून तेल ओतल्याचे वर्णन जुन्या करारात आहे. मला विचाराल तर या क्रियेला आपल्याकडील जवळचा शब्द 'अभ्यंग' हा होय, आणि जवळचा विधी लग्नाआधीचे तेलवण. नवरदेवाला अथवा नवरीला आंब्याच्या पानाने तेल चढविले की ती व्यक्ती आता नेहमीची राहिली नाही, एका विशेष कार्यासाठी बाजूस काढली गेली, असे आपण मानतो. जुन्या करारातील कल्पना मूलतः हीच आहे. भांडी असोत, वेदी असो, पुरोहित असो वा राजा. तेल लागले की ती वस्तू अथवा व्यक्ती देवाच्या कामासाठी राखून ठेवलेली.

त्या प्राचीन तेलाची कृती 'निर्गम' या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मापासह दिली आहे. पाचशे शेकेल गंधरस, अडीचशे शेकेल दालचिनी, तितकाच सुगंधी वेत, पाचशे शेकेल तज आणि एक हिन जैतुनाचे तेल. शेकेल म्हणजे सुमारे अकरा ग्रॅम, हिन म्हणजे काही लिटर. गंधरस हा आपला हिराबोळ, आणि सुगंधी वेत म्हणजे वेखंडाच्या जातीची वनस्पती असावी असे अनेक अभ्यासक मानतात. बाळंतिणीच्या खोलीतील औषधांची पिशवी उघडल्यासारखेच वाटते! त्या अध्यायात एक कडक निर्बंधही आहे : हे तेल कोणी स्वतःच्या अंगाला लावण्यासाठी करू नये, या कृतीने दुसरे तेल बनवील त्याचा समाजातून उच्छेद व्हावा. हा निर्बंध वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

येशूच्या चरित्रातही सुगंधी तेलाचा एक हृद्य प्रसंग आहे. बेथानी गावी एका स्त्रीने संगमरवरी कुपी फोडून बहुमोल सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर ओतले. हे तीनशे दीनारांना विकले गेले असते, असे म्हणून पाहणारे कुरकुरले. दीनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई त्या स्त्रीने एका क्षणात रिती केली. हे तेल होते नार्दाचे, आणि नार्द म्हणजे हिमालयात उगवणारी आपली जटामांसी. आपल्या माजघरातील केसांच्या तेलात पडणारी ही मुळी दोन हजार वर्षांपूर्वी तांडे आणि गलबते करीत यरुशलेमजवळच्या त्या घरात पोहोचली होती.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. कॅथलिक पंथात तीन तेले असतात. पहिले दीक्षार्थींचे तेल. बाप्तिस्म्यापूर्वी ते बालकाच्या छातीस लावतात. दुसरे रुग्णांचे तेल. तिसरे व सर्वश्रेष्ठ ते क्रिस्मा. पहिली दोन निव्वळ तेले असतात, क्रिस्म्यात मात्र बाल्सम नावाचा सुगंधी डीक मिसळलेला असतो. पूर्वी हा बाल्सम पूर्वेकडून येई; सोळाव्या शतकात अमेरिकेतील झाडांच्या बाल्समला पोपने अनुमती दिली. बाप्तिस्म्याचे पाणी घातल्यानंतर बालकाच्या टाळूवर क्रिस्मा लावतात, दृढीकरणाच्या संस्कारात तो कपाळावर लावतात, नव्या धर्मगुरूच्या तळहातांना आणि नव्या बिशपच्या मस्तकालाही लावतात. नवे चर्च बांधले की त्याच्या वेदीला व भिंतींनाही क्रिस्म्याचे लेपन होते.

ही तिन्ही तेले कोठल्याही चर्चमध्ये तयार होत नाहीत. वर्षातून एकदा, पवित्र आठवड्यातील गुरुवारी सकाळी किंवा सोयीसाठी त्याच्या आसपासच्या एखाद्या दिवशी, बिशप आपल्या मुख्य चर्चमध्ये सर्व धर्मगुरूंसह एक विशेष मिस्सा अर्पण करतात. हैदराबाद धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची, १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला, आणि त्याचे मुख्य चर्च म्हणजे गनफाउंड्रीतील सेंट जोसेफ कॅथीड्रल. या जागेच्या नावाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सरदाराने १७९५ मध्ये येथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला, म्हणून ही 'तोप का साँचा' गल्ली. जेथे तोफा ओतल्या गेल्या त्या वस्तीत आता दरवर्षी तेल आशीर्वादिले जाते. येथील आर्चबिशप पूला अँथनी २०२२ मध्ये कार्डिनल झाले. तेलुगू भाषिकांतील व दलित समाजातील ते पहिले कार्डिनल होत. क्रिस्म्याच्या विधीत आर्चबिशप तेलात बाल्सम मिसळतात, मग पात्राच्या तोंडावर हलकेच फुंकर घालतात आणि प्रार्थना म्हणतात. जमलेले सारे धर्मगुरू निःशब्दपणे उजवा हात त्या पात्राच्या दिशेने पुढे करून उभे राहतात. विधी आटोपला की मोठ्या पात्रांतून लहान कुप्या भरल्या जातात. कुप्यांवर लॅटिन आद्याक्षरे असतात, नाहीतर एकीतले तेल दुसरीत जावयाचे! त्या कुप्या घेऊन धर्मगुरू आपापल्या गावी परततात. कुकटपल्लीच्या शेजाऱ्याच्या बाळाच्या टाळूवरील तेल अशा रीतीने पंधरा किलोमीटरवरील एकाच पात्रातून आलेले असते, आणि दूरच्या खेड्यातील शेतमजुराच्या बाळाचेही त्याच पात्रातून. या विधीतील मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच आहे.

तेल कशाचे, हा प्रश्न आपल्या देशात पूर्वी नाजूक होता. जैतून येथे पिकत नसे. हैदराबादच्या अत्तारांकडे आणि युनानी दवाखान्यांत 'जैतून का तेल' या नावाने ते मिळे, पण महाग, आणि शुद्धतेची खात्री नाही. शतकानुशतके नियम मात्र असा की जैतुनाखेरीज दुसरे तेल चालणार नाही. व्हॅटिकनने १९७० मध्ये तेलांचा विधी सुधारताना, आणि पुढे १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी रुग्णांच्या तेलाबाबत आज्ञापत्र काढताना, ही अट सैल केली. जैतून दुर्मिळ असेल तेथे दुसरे कोणतेही वनस्पतिजन्य तेल घ्यावे, असे ठरले. १९८३ च्या धर्मसंहितेतही हे कलम आहे. म्हणजे तीळ, नारळ वा शेंगदाणा यांपासून काढलेले तेलही या संस्कारास पात्र ठरले. प्राण्यांची चरबी वा खनिज तेल मात्र चालत नाही. त्याच संहितेनुसार तेल नुकतेच आशीर्वादिलेले असावे, जुने तेल गरजेवाचून वापरू नये, आणि प्रत्येक चर्चच्या धर्मगुरूने ते आपल्याच बिशपकडून आणावे. २०२० मध्ये देशभर टाळेबंदी असताना पवित्र आठवडा आला. धर्मगुरूंनी एकत्र जमणेच अशक्य. व्हॅटिकनने त्या वर्षी हा विधी पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. त्या काळात बोटाऐवजी कापसाच्या बोळ्याने तेल लावण्याचा परिपाठही अनेक ठिकाणी पडला.

आपले मल्याळी शेजारी पुष्कळदा सिरियन परंपरेतील असतात. त्यांच्या तेलास ते मूरोन म्हणतात. ऑर्थोडॉक्स व याकोबी शाखांत ते बिशपांनाही करता येत नाही; तो अधिकार पॅट्रिआर्क अथवा कॅथोलिकॉस अशा सर्वोच्च धर्मपित्याचा. त्यात बाल्समबरोबर अनेक सुगंधी द्रव्ये पडतात आणि ते दरवर्षी नव्हे, कित्येक वर्षांच्या अंतराने सिद्ध होते. पूर्वी केरळात ते अंत्युखियाच्या पॅट्रिआर्ककडून येई. १८७६ मध्ये पॅट्रिआर्क पीटर स्वतः केरळात आले असता मुळन्तुरुत्ति येथे त्यांनी मूरोन सिद्ध केले. पुढे १९१२ मध्ये केरळात कॅथोलिकॉसचे पीठ स्थापन झाले. त्यानंतर अधिकाराचा जो दीर्घ कलह माजला त्यात मूरोन कोणी करावे हाही एक मुद्दा होता. तेलाच्या एका पात्रावरून एवढा वाद का, असे वरकरणी वाटेल. पण ज्याच्या हातचे तेल तोच आपला धर्मपिता, असा त्यामागील अर्थ आहे. आर्मेनियन चर्चमध्ये तर चाळीसांहून अधिक वनस्पतींचे मूरोन करतात व त्यात जुन्याचा अंश मिसळतात. हे थेट आपल्या विरजणासारखे झाले! आजच्या दह्यात कालचे आणि कालच्यात परवाचे, तसे त्या तेलात पिढ्यान् पिढ्यांचे तेल. सिरियन परंपरेत बाप्तिस्म्याच्या वेळीच तान्ह्या बाळाला सर्वांगी मूरोन लावतात. दृढीकरणासाठी जाणते वय होण्याची वाट पाहत नाहीत.

उलट सर्व ख्रिस्ती घरांत हे तेल असतेच असे नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथीयांनी तेलाला संस्काराचा दर्जा नाकारला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती घरांत, रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाईंच्या परंपरेत, क्रिस्म्याला स्थान नाही. मराठी मिस्सा आणि मराठीत होणारा तेलांचा आशीर्वाद पाहावयाचा तर वसईस जावे. तेथे १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. इंग्लंडचे चर्चही सुधारणेनंतरचे, परंतु राजाच्या बाबतीत तेथे तेल टिकले. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणासाठी यरुशलेमच्या जैतुनांच्या डोंगरावरील फळांचे तेल काढून तेथेच ते पवित्र करण्यात आले. त्यात गुलाब, जाई, दालचिनी आणि तीळही होते. सारा समारंभ जगाने पाहिला. तेल लावण्याचा क्षण मात्र पडद्याआड होता.

आता ज्या तेलाशी आपला शेजारी म्हणून खरा संबंध येतो त्या रुग्णांच्या तेलाविषयी. शेकडो वर्षे त्यास 'अंतिम अभ्यंग' म्हणत. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लावीत, आणि तेही प्राण कंठाशी आल्यावर. परिणाम असा झाला की फादर दारात दिसले की रोग्याने आशा सोडावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले की या संस्काराचे योग्य नाव 'रुग्णांचे अभ्यंग' असे आहे आणि तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. आजाराने वा वार्धक्याने धोका जाणवू लागताच तो घेण्याची वेळ झाली. आता कपाळ व हात एवढ्यांनाच तेल लावतात. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी घेता येतो, बरे होऊन पुन्हा आजारी पडल्यास पुन्हा घेता येतो. नियम बदलून साठ वर्षे होऊन गेली, पण भीती काही गेली नाही.

आमच्याच इमारतीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक तेलुगू कॅथलिक गृहस्थ होते. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. ते स्वतः फादरना बोलवा म्हणत, आणि घरची माणसे उद्या बोलावू, परवा बोलावू असे करीत. त्यांच्या सुनेने माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. "फादर तेल घेऊन आले की मामय्यांना वाटेल, आम्हीच त्यांची आशा सोडली." पत्नीने एवढेच विचारले, "अगं, पण मागताहेत ते स्वतःच ना?" दुसऱ्या दिवशी फादर आले. आम्हांलाही आत बोलावले. पाच-सात मिनिटांचा विधी. म्हाताऱ्याने दोन्ही हात स्वतःच पुढे केले होते. त्यानंतर ते आठ महिने जगले. डॉक्टरांचे उपचार अखंड चालू होते आणि त्यांचे आयुष्य वाढल्याचे श्रेय तेलाला द्यावे असे त्यांच्या घरातही कोणी म्हटले नाही. फरक पडला तो निराळाच. त्या दिवसापासून घरात आजाराविषयी उघडपणे बोलणे सुरू झाले. पैशाचे, औषधाचे, मुलाला परदेशाहून केव्हा बोलवायचे त्याचे. तोवर सारे दबक्या आवाजात चालले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गेल्या काही दशकांत आपल्या भागात स्वतंत्र प्रार्थनागृहे पुष्कळ निघाली. त्यांचा कोणा बिशपशी वा जुन्या पंथाशी संबंध नसतो. त्यांपैकी अनेक ठिकाणी 'अभिषेक तैलम्' म्हणून लहान बाटल्यांतील तेल आशीर्वादून देतात; दुकानांतूनही यरुशलेमचे चित्र लावलेल्या अशा बाटल्या मिळतात. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा जो उपदेश आहे, त्याचा ते आधार घेतात. श्रद्धेने कोणी कपाळाला बोट लावले तर आपण नावे ठेवण्याचे कारण नाही. आपणही अंगारा लावतो. औषधे चालू ठेवा असे स्वच्छ सांगणारे पास्टरही आहेत. पण सारेच तसे नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी अशाच एका सभेतून बाटली आणली आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे तेथे तिला सांगण्यात आले होते. पायाची जखम चिघळून पांढरी पडेपर्यंत आम्हांला पत्ता नव्हता. सरकारी दवाखान्यात नेऊन पाय वाचला, एक बोट मात्र गेले. बाटली अर्धी शिल्लक होती. ज्या कुकटपल्लीच्या शेजारी एके काळी देशाला औषधे पुरविणारा, आता बंद पडलेला, तो कारखाना होता, त्याच वस्तीतील ही गोष्ट.

अशा प्रसंगी काय म्हणावे? त्या बाईंच्या श्रद्धेवर घाव घालून उपयोग नसतो. मी तिला तिच्याच धर्मग्रंथातील, वर सांगितलेला निर्बंध सांगितला. पवित्र तेल हा विकण्याचा वा घरी वाटेल तसा वापरण्याचा माल नव्हे, हे मोशेच्या काळापासूनचे आहे. कॅथलिक संहिता तर सांगते की ठरलेल्या दानापलीकडे धर्मगुरूने संस्कारासाठी काही मागू नये, आणि गरिबी हे कोणास संस्कार नाकारण्याचे कारण होऊ नये. १९९७ च्या एका आदेशाने व्हॅटिकनने अदीक्षित व्यक्तींना कोणत्याही तेलाने असे अभ्यंग करण्यास मनाई केली, ती हा घोळ टाळण्यासाठीच. शिवाय देशाचा कायदा आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या अधिनियमाने मधुमेह, कर्करोग, अपस्मार इत्यादी रोग मंत्र-तावीज अशा चमत्कारी उपायांनी बरे करण्याची जाहिरात हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा तेलंगणात लागू नाही. हा जुना केंद्रीय कायदा मात्र येथेही आहे, आणि तो सर्वच धर्मांच्या भोंदूंना सारखा लागतो.

शेजारच्या घरी फादर यावयाचे असतील तर आपणही थोडी मदत करू शकतो. रोग्याच्या उशाशी एक लहान मेज, त्यावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती, थोडे पाणी आणि कापूस एवढी तयारी लागते. रोगी शुद्धीवर असताना बोलावणे केव्हाही चांगले, म्हणजे त्याला प्रार्थनेत भाग घेता येतो. इतर धर्मीयांनी विधीच्या वेळी हजर राहण्यास हरकत नसते. शांत उभे राहावे, एवढेच. तेल पुसलेला कापूस कचऱ्यात टाकीत नाहीत, तो जाळतात. आणि पुढील वर्षी नव्या कुप्या आल्या की उरलेले जुने तेलही तसेच कापसात भिजवून जाळतात, अथवा चर्चमधील अखंड दिव्यात घालतात.